तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: इंदूर एकोणीस लाखांचं, एकवीस लाखांचं की बत्तीस लाखांचं?

मागच्या अंकात आम्ही नुसतं एवढंच लिहिलं होतं की २०२७ ची जनगणना येतेय, काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं सगळे जातीच्या रकान्याबद्दलच विचारतील, तसे प्रश्न आलेच, पण निम्म्याहून जास्त पत्रं आपल्या जिल्ह्यातल्या गावांच्या आणि शहरांच्या लोकसंख्येबद्दल निघाली, कुणाला स्वतःचं गाव यादीत सापडत नाही, कुणाला सापडतं पण आकडा पटत नाही, कुणी एक्सेल उघडून बसलंय आणि डोकं धरलंय. म्हणून या वेळी सदर फक्त त्यावरच. नावं छापत नाही, मोहल्ला तेवढा देतोय.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी इंदूरची २०११ ची लोकसंख्या शोधली तर सहा वेगवेगळे आकडे मिळाले. १९,६०,६३१ / १९,६४,०८६ / १९,९४,३९७ / २१,७०,२९५ / ३२,७२,३३५ / ३२,७६,६९७. यातला खरा कुठला? – एक विद्यार्थिनी, रामबाग

सगळे खरे. खरंच, यातला एकही कुणी मनाने लिहिलेला नाहीये. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या हद्दीचा किंवा वेगळ्या तारखेला जाहीर झालेला आहे आणि ते खाली लिहायची तसदी कुणी घेत नाही.

आधी सोपं घे. ३२,७२,३३५ आणि ३२,७६,६९७ हे दोन्ही अख्ख्या इंदूर जिल्ह्याचे. पहिला हंगामी, म्हणजे मोजणी झाल्याझाल्या २०११ मधेच जाहीर केलेला, आणि दुसरा अंतिम, सगळे फॉर्म स्कॅन होऊन तपासून झाल्यावरचा. फरक ४,३६२ चा. हंगामी आकडे पेपरात छापून आले, वेबसाइटींवर चढले आणि तिथेच राहिले, अंतिम आले तेव्हा बातमी शिळी झाली होती, त्यामुळे आजही निम्म्या ठिकाणी जुनाच आकडा दिसतो. १९,६०,६३१ आणि १९,६४,०८६ चं पण तेच, पहिला हंगामी आणि दुसरा अंतिम, दोन्ही फक्त नगर निगमच्या हद्दीतले.

आता १९,९४,३९७. हा निगम अधिक ओजी, म्हणजे आउटग्रोथ. निगमची हद्द संपते पण वस्ती संपत नाही ना, पलीकडे कॉलनी असते, रस्ता, नळ, लाइट सगळं शहरासारखं, पण कागदावर जमीन अजून शेजारच्या गावाची, अशा तुकड्याला जनगणनावाले आउटग्रोथ म्हणतात आणि शहराला जोडून मोजतात. वजाबाकी केलीस तर ३०,३११ माणसं येतील, ती ही.

२१,७०,२९५ हा अर्बन ॲग्लोमरेशनचा, म्हणजे निगम, त्याच्या आउटग्रोथ आणि त्याला चिकटून सलग पसरलेल्या बाकीच्या शहरी वस्त्या मिळून एक पट्टा. ही भानगड फक्त इंदूरची नाही. ग्वाल्हेरचं तर इतकं स्वच्छ उदाहरण आहे की वहीत उतरवून घे, निगम आणि आउटग्रोथ १०,६९,२७६, मुरार कॅन्टोन्मेंट ४८,४६४, बेरीज ११,१७,७४०, आणि हाच ग्वाल्हेर अर्बन ॲग्लोमरेशनचा आकडा. मुरारला राहणारा माणूस स्वतःला ग्वाल्हेरचाच म्हणतो, पण कॅन्टोन्मेंट बोर्ड वेगळं म्हणून नुसत्या निगमच्या आकड्यात तो नाही.

प्रोजेक्टमधे काय लिहायचं? विषय पाणी, कचरा, निगमचं बजेट असा असेल तर १९,६४,०८६. ट्रॅफिक, बाजार, नोकऱ्या असं असेल तर २१,७०,२९५, कारण रोज सकाळी शहरात येणाऱ्याला निगमची हद्द कुठे संपते याच्याशी काही देणंघेणं नसतं. आणि जिल्ह्याबद्दल लिहीत असशील तर ३२,७६,६९७, पण तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेव, यातले २४,२७,७०९ शहरी आणि ८,४८,९८८ ग्रामीण, म्हणजे चारातले जवळपास तीन शहरात. त्यामुळे 'इंदूर जिल्ह्याची सरासरी' म्हणून जे काही छापलं जातं ती बरीचशी इंदूर शहराचीच सरासरी असते, देपालपूरकडचं एखादं खेडं त्यात कुठच्या कुठे बुडून जातं. आकड्याच्या शेजारी हद्द आणि साल लिही, मास्तर कितीही खडूस असले तरी मार्क कापू शकणार नाहीत.

प्रश्न: जुन्या कागदांत १९०१ सालचं इंदूर ८६,६८६ लोकांचं लिहिलंय, दुसरीकडे ९७,८०४ वाचलं. होळकरांच्या राज्यात पण हा घोळ होता का? – एक आजोबा, लोकमान्य नगर

होता की आजोबा! आणि कारण अगदी वरच्या प्रश्नासारखंच. ८६,६८६ हे होळकर दरबारच्या हुकमतीतलं शहर, आणि बाकीचे ११,११८ रेसिडेन्सी एरियातले, जिथे इंग्रजांचा कारभार चालायचा. दोन्ही मिळवा, ९७,८०४ येतात. म्हणजे एकाच गावात दोन सरकारं आणि म्हणून दोन आकडे. आज आपण जिला रेसिडेन्सी म्हणतो तीच जागा, आता तिथल्या माणसाला विचारलं तर तो इंदूरचाच, पण तेव्हा कागदावर नव्हता.

अजून एक, अख्ख्या इंदूर संस्थानाची लोकसंख्या १९०१ मधे ८,५०,६९० होती, पण तो आकडा आजच्या इंदूर जिल्ह्याशी लावू नका हं, होळकरांचा मुलूख तुकड्या-तुकड्यांत पसरलेला होता, निमाडापासून रामपुरा-भानपुऱ्यापर्यंत. आजचा जिल्हा हा १९४८ ला मध्य भारत झाल्यानंतरच्या मांडणीतून आलेला. काही लोक ८.५ लाखांवरून ३२ लाख अशी 'शंभर वर्षांत चौपट' वाढ काढतात, तो निव्वळ बादरायण संबंध आहे.

प्रश्न: सरकारी साइटवरून जिल्ह्याची एक्सेल फाइल उतरवली, लोकसंख्येच्या कॉलमची बेरीज केली तर पावणेदोन कोटींच्या वर येतेय! फाइल खराब आहे का? – सुदामा नगर

फाइल चांगली आहे, बेरीज चुकीच्या ठिकाणी केलीत.

त्या फाइलला पीसीए म्हणतात, प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट. डावीकडे 'लेव्हल' नावाचा एक कॉलम आहे बघा, त्यात डिस्ट्रिक्ट, सब-डिस्ट्रिक्ट, व्हिलेज, टाउन, वॉर्ड असं लिहिलेलं असतं. आणि एक 'टीआरयू' म्हणून कॉलम आहे, म्हणजे टोटल, रूरल, अर्बन. आता मोजा. सांवेर तहसीलीतल्या खेड्यातला एक शेतकरी घ्या. तो जिल्ह्याच्या टोटल ओळीत आला, जिल्ह्याच्या रूरल ओळीत परत आला, तहसीलीच्या टोटलमधे, तहसीलीच्या रूरलमधे आणि शेवटी त्याच्या गावाच्या ओळीत, झाला पाच वेळा. शहरातला तर सहा वेळा, कारण टाउनच्या ओळीनंतर त्याच्या वॉर्डाची पण ओळ असते. ८.४९ लाख गुणिले पाच आणि २४.२८ लाख गुणिले सहा करून बघा, १ कोटी ८८ लाख येतात, तुमचा आकडा पण तेवढाच असणार.

तर फिल्टर लावायचा. लेव्हलमधे फक्त व्हिलेज आणि टाउन ठेवा, मग बेरीज बरोबर जिल्ह्याच्या आकड्यावर यायला हवी. ही तपासणी केल्याशिवाय पुढचं काही करू नका, आमचा स्वतःचा नियम आहे हा.

आता फाइल उघडलीच आहे तर एक ओळ नीट वाचून बघा, मजा येते. पहिले कोड, मध्य प्रदेशचा २३, मग जिल्हा, तहसील, आणि गावाचा सहा आकडी कोड. गाव शोधायचं तर नावाने नाही, या कोडने शोधा. आपल्या माळव्यात पिपल्या नावाची किती गावं आहेत मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल, त्यात कलां आणि खुर्द, त्यात स्पेलिंग प्रत्येक वेळी वेगळं, सांवेरचंच बघा ना, कुठे व्ही कुठे डब्ल्यू, कुठे मधला एन गायब. कोडच्या पुढे घरांची संख्या, मग एकूण माणसं, पुरुष, बायका, ० ते ६ वर्षांची मुलं, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर, निरक्षर आणि मग कामकऱ्यांचे रकाने: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि 'इतर'. या शेवटच्या 'इतर' रकान्यावर लक्ष ठेवा, शहराजवळच्या गावात तो फुगलेला दिसतो, म्हणजे गाव नावालाच गाव, माणसं सगळी फॅक्टरीत, दुकानात किंवा गाडीवर.

आणि हो, काही गावांपुढे लोकसंख्या शून्य दिसेल, घाबरू नका. ते महसुली गाव आहे, पटवाऱ्याच्या दफ्तरी जमीन आहे, शीव आहे, पण राहणारं कुणी नाही, तरी यादीत नाव राहतंच.

प्रश्न: आमचा फलिया (गावाबाहेरची वस्ती) यादीत कुठेच नाही. दीडशे घरं आहेत, शाळा आहे, मग आम्ही मोजलेच गेलो नाही का? – महू तहसील

मोजले गेलात, पण मोठ्या गावाच्या नावावर. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. मजरे, टोले, फलिये हे ज्या महसुली गावाच्या शिवेत येतात त्यातच मिळवतात, वेगळी ओळ मिळत नाही. ग्रामपंचायत परत वेगळी गोष्ट, एका पंचायतीत दोन-तीन महसुली गावं असू शकतात, त्यामुळे सरपंच सांगतात तो पंचायतीचा आकडा आणि जनगणनेतला गावाचा आकडा जुळला नाही तर भांडू नका. जिल्हा जनगणना पुस्तिका असते तिचे दोन भाग, अ भागात गाव आणि शहरांची डिरेक्टरी, म्हणजे गावाचं क्षेत्रफळ, शाळा, पाणी, दवाखाना, जवळचं शहर किती लांब वगैरे, आणि ब भागात लोकसंख्या. दोन्ही फुकट उतरवता येतात. अ भागात आपल्या गावाचं क्षेत्रफळ बघितलंत की कळेल शीव कुठपर्यंत धरलीय.

प्रश्न: बिचौली मर्दानाच्या बाजूला फ्लॅट घेतलाय. निगमचा टॅक्स भरतो, कचरागाडी येते, पण इंटरनेटवर अजून गावच दाखवतात आणि लोकसंख्या बघून हसू येतं. आम्ही शहरी की ग्रामीण? – बायपासजवळून

आज तुम्ही शहरी. पण जनगणनेचा शेवटचा आकडा २०११ चा आणि तेव्हा ते निगमच्या बाहेर होतं. नंतर २९ गावं निगममधे घेतली, निपानिया, कनाडिया, बिचौली मर्दाना, लिंबोदी, तलावली चांदा ही सगळी त्यातलीच, वॉर्ड ६९ चे ८५ झाले आणि २०१५ ची निवडणूक त्या ८५ वर झाली. आता गंमत अशी की लोक बिनधास्त १९,६४,०८६ ला ८५ ने भागून 'सरासरी वॉर्ड' काढतात. तो आकडा ६९ वॉर्डांच्या जुन्या हद्दीचा आहे हो! नव्या हद्दीची २०११ ची लोकसंख्या हवी असेल तर त्या २९ गावांच्या ओळी शोधून स्वतः मिळवाव्या लागतात, दुसरा रस्ता नाही. आणि मिळवताना आधी बघा की त्यातलं एखादं गाव किंवा त्याचा तुकडा तेव्हाच आउटग्रोथ म्हणून शहराला जोडलेला नव्हता ना, नाहीतर तीच माणसं दोनदा येतील किंवा सुटून जातील.

शहरी कुणाला म्हणायचं याचा नियम पण सांगून ठेवतो, कारण यावर तीन पत्रं आहेत. निगम, नगरपालिका, नगर परिषद, कॅन्टोन्मेंट बोर्ड असेल तर प्रश्नच नाही, ते शहर. हे काही नसताना सुद्धा गावाला सेन्सस टाउन म्हणतात, पण तीन अटी एकदम पुऱ्या व्हायला लागतात: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४००. अशी सेन्सस टाउन देशात २००१ ला १,३६२ होती, २०११ ला ३,८९२ झाली. पंचायत तीच, सरपंच तेच, फक्त जनगणनेच्या हिशोबात शहर. आणि आतली गोष्ट अशी की २०११ साठी कुठलं गाव टाउन धरायचं हे २००१ च्या आकड्यांवरूनच आधी ठरवलं होतं, म्हणजे तेव्हा ४,००० असलेलं गाव दहा वर्षांत ५,००० होईल असं धरून. मग २००१ नंतर ज्या गावांत अचानक टॉवर उभे राहिले ती बिचारी ग्रामीणमधेच राहिली. आपल्याकडे बायपासला नेमकं हेच झालं.

जाता जाता, पीथमपूर. फॅक्टरीवाले इंदूरहून जातात, इंदूरचाच भाग वाटतो, पण जिल्हा धार. तिथले २०११ चे १,२६,२०० लोक धारच्या खात्यात, आपल्या नाही. २००१ ला ६८,०८० होते, म्हणजे दहा वर्षांत जवळपास दुप्पट, आणि धार जिल्ह्याच्या शहरीकरणाची वाढ बघून जे लोक चकित होतात त्यांनी आधी पीथमपूर वेगळं काढून बघावं.

प्रश्न: इंदूरात आपली मराठी माणसं नक्की किती? प्रत्येक गणेशोत्सवात स्टेजवरून वेगळा आकडा ऐकतो. – साउथ तुकोगंज

स्टेजवरचा आकडा अंदाजपंचे दाहोदर्से, त्यात समोर नेते बसलेले असले की आणखी वाढतो.

गाववार पीसीएमधे भाषेचा रकानाच नाही. भाषा सी-१६ नावाच्या तक्त्यात असते, तो जिल्हा, तहसीलीपर्यंत जातो, मोहल्ल्यापर्यंत नाही, त्यामुळे 'रामबागेत मराठी किती' हे जनगणनेतून कुणीच सांगू शकत नाही. २०११ चे भाषेचे आकडे बाहेर यायलाच २०१८ उजाडलं. देशात मराठी ८,३०,२६,६८०, आणि मध्य प्रदेशात बारा लाखांच्या वर, राज्याच्या साधारण १.७ टक्के. ते सगळे इंदूर-ग्वाल्हेरचे आहेत असं समजू नका, महाराष्ट्राला लागून असलेला पांढुर्णा, बऱ्हाणपूर, बैतूलकडचा पट्टा त्यात मोठा आहे, तिथे मराठी ही शेतावरची भाषा आहे, सरंजामाबरोबर आलेली नाही.

पण खरी मेख पुढे आहे. मातृभाषा म्हणजे जनगणनेच्या नियमाप्रमाणे लहानपणी आई जी भाषा त्या माणसाशी बोलायची ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात जी मुख्य भाषा चालायची ती. घराण्याची भाषा नाही, आडनावाची नाही, आजोबांची पण नाही. आता आपल्या घरांत काय चालतं ते हातच्या कांकणाला आरसा कशाला, आजी मराठीत ओरडते, आई 'बेटा जल्दी कर' म्हणते, आणि मूल उत्तर हिंदीतच देतं. अशा मुलाची मातृभाषा नियमाने हिंदी लिहिली गेली तर त्यात प्रगणकाची काही चूक नाही. पण जिथे आई खरंच मराठी बोलते तिथे सुद्धा लोक दारात उभ्या असलेल्या सरांना बघून घाईघाईत 'हिंदी लिख दो' म्हणतात, हे मात्र आपण आपल्या हाताने करतो, त्याचं आम्हाला वाईट वाटतं. जे सांगाल तेच लिहायचं अशी प्रगणकाला सूचना असते, तो वाद घालत नाही. शिवाय मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा पण २०११ मधे विचारल्या होत्या, तिथे तरी मराठी सांगायची ना!

माळवी बोलणाऱ्यांचं तर याहून वाईट, ५२ लाखांच्या वर लोकांनी माळवी सांगितली आणि निमाडी २३ लाखांनी, दोन्ही हिंदीच्या खाली जमा झाल्या.

प्रश्न: मुलगा-सून पुण्याला नोकरीला आहेत, रेशन कार्ड आणि वोटर कार्ड इथलंच. पुढच्या वेळी त्यांची नावं आम्ही इथे लिहायची की नाही? – एक काकू, वैशाली नगर

नाही काकू. राहतात तिथेच मोजले जातात, कार्ड कुठलं आहे हे जनगणना बघत नाही. २०११ मधे मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी चालली होती आणि नियम असा होता की या पूर्ण काळात जो घरी नव्हताच त्याला घरच्या फॉर्मवर लिहायचं नाही. चार दिवस लग्नाला गेलेला माणूस घरचाच धरायचा. आता मोजणी फेब्रुवारी २०२७ मधे आहे आणि संदर्भाची वेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या रात्री बाराच्या आधी जन्मलेलं बाळ मोजायचं, बारानंतर झालं तर नाही. त्याआधी घरयादीचा टप्पा २०२६ मधे एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान, प्रत्येक राज्याने आपले दिवस ठरवायचे.

तुम्हाला वाटत असेल की मुलगा इंदूरच्या हिशोबातून गेला, तर तसं पूर्ण नाही, पुण्याच्या फॉर्मवर त्याचं जन्मस्थान आणि आधी कुठे राहत होता हे विचारतात, स्थलांतराच्या तक्त्यात तो 'मध्य प्रदेशातून आलेला' म्हणून दिसेलच. दोन्हीकडे नाव घालू नका एवढंच, मायेपोटी बरेच जण घालतात.

प्रश्न: बडोदा जिल्ह्याची लोकसंख्या एका जागी ४१,६५,६२६ आणि दुसरीकडे बरीच कमी. लोक गेले कुठे? – बडोद्याहून

छोटा उदेपूरला! म्हणजे गेले कुठेच नाहीत, जिल्हा गेला. १५ ऑगस्ट २०१३ ला छोटा उदेपूर वेगळा झाला, ४१,६५,६२६ हा त्याच्या आधीचा अख्खा जिल्हा. ठाण्याचं पण असंच, २०११ ला १,१०,६०,१४८, देशात सगळ्यात मोठा, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर निघाला. आमच्याकडे मध्य प्रदेशात २०११ ला ५० जिल्हे होते, आता ५५. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची असेल तर तहसीली जोडून करा, जिल्ह्याच्या नावावर जाऊ नका. या वेळी सरकारने हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्यात, मोजणी होईपर्यंत नवा जिल्हा नाही की नवी तहसील नाही, त्यामुळे निदान मोजताना तरी जमीन पायाखालून सरकणार नाही.

प्रश्न: महूमधे बायकांचं प्रमाण कमी दिसतं, म्हणजे तिथे मुली नको असतात का? – तिलक नगर

नुसत्या त्या आकड्यावरून असं म्हणणं अन्यायाचं होईल. महू कॅन्टोन्मेंट, ८१,७०२ लोक, आणि त्यात फौजेच्या मोठमोठ्या ट्रेनिंग संस्था, तिथे एकटे राहणारे जवान आणि अधिकारी पुरुषांच्या रकान्यात पडतात. मुलींबद्दल बघायचं असेल तर ० ते ६ वयाचं प्रमाण बघा, त्यात जवान येत नाहीत. आणि ते बघितलंत की महूला नावं ठेवायच्या आधी स्वतःकडे बघावं लागेल, कारण अख्ख्या इंदूर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९२८ स्त्रिया असताना ० ते ६ मधे फक्त ९०१ मुली आहेत. यात शहर, बंगले, कॉलन्या सगळं आलं. शोधताना अजून एक, महूचं नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, दोन्ही नावांनी शोधा, आणि महूगाव ही नगर परिषद निराळी, ती मिसळू नका. अगदी छोट्या गावांत हे प्रमाण काढूच नका, चाळीस पुरुष आणि पन्नास बायका असल्या तर १,२५० येतं, त्याचा अर्थ काहीच नसतो.

प्रश्न: साइटवर आमच्या गावाची 'आजची' लोकसंख्या देतात, ती धरून दूध डेअरीचा हिशोब करू का? – गौतमपुरा

नका करू. २०११ नंतर घरोघरी जाऊन कुणी मोजलेलंच नाही, त्या साइटी जुन्या आकड्याला एक वाढीचा टक्का लावतात आणि तोच टक्का सगळ्या गावांना. जिल्हा २००१ ते २०११ मधे ३२.८८ टक्क्यांनी वाढला पण तो शहराच्या जोरावर, तो दर गौतमपुऱ्याकडच्या गावाला लावलात तर दूध उरेल. त्यापेक्षा २०११ ची घरांची संख्या घ्या आणि आज गावात लाइटची मीटरं किती, आंगणवाडीच्या रजिस्टरात मुलं किती, मतदार किती ते विचारा, आंगणवाडीच्या ताईंना गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. मतदारयादीत १८ च्या खालचे नसतात आणि बाहेरगावी गेलेल्यांची नावं राहिलेली असतात, ते धरून चाला. आणि हो, डेअरीसाठी माणसं मोजताय ते ठीक आहे पण गुरांची गणना वेगळी होते, पशुसंवर्धन खात्याची, तुमच्या कामाचा आकडा तर तिकडे आहे!